राळेतील संयुगे आणि पेशीपटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राळ म्हणजे नेमके काय, आणि तिच्यातील कोणती संयुगे पेशीपटलाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत?

झाडाला जखम झाली किंवा कीड लागली की खोडातून, सालीतून किंवा पानांवरील ग्रंथींतून जो चिकट आणि पाण्यात न विरघळणारा स्राव बाहेर येतो, ती राळ. रासायनिकदृष्ट्या ती प्रामुख्याने टर्पिनॉइड संयुगांचे मिश्रण असते. ही संयुगे पाच कार्बन अणूंच्या आयसोप्रीन एककांपासून घडलेली असतात. दहा कार्बनांची मोनोटर्पिने, उदाहरणार्थ पायनीन आणि लिमोनीन, सहज उडून जातात. पंधरा कार्बनांची सेस्क्विटर्पिने त्यांच्यापेक्षा जड असतात. वीस कार्बनांच्या डायटर्पिनांत पाइन वृक्षाच्या राळेतील ॲबिएटिक आम्ल व डीहायड्रोॲबिएटिक आम्ल ही राळाम्ले मोडतात, तर तीस कार्बनांच्या ट्रायटर्पिनांत ऊदातील बॉस्वेलिक आम्ले येतात. पाइनच्या राळेचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन वेगळे निघते आणि मागे जो ठिसूळ, पिवळसर घन पदार्थ उरतो तो जवळजवळ सगळा राळाम्लांचाच असतो.

डिंक दिसायला राळेसारखा असला तरी तो बहुशर्करांचा बनलेला असून पाण्यात फुगतो किंवा विरघळतो. बहुशर्करांचे रेणू मोठे आणि जलस्नेही असल्यामुळे ते पटलाच्या आत शिरत नाहीत. ऊद आणि गुग्गुळ यांच्या स्रावात राळ व डिंक दोन्ही असतात. त्यांच्यावरील प्रयोग पाहताना कोणता अंश वापरला होता हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पेशीपटलाची रचना थोडक्यात कशी सांगता येईल?

पटलात मेदरेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून असतात, ही गोष्ट १९२५ मध्ये लाल रक्तपेशींवरील मोजमापांतून पुढे आली. या तरल थरात प्रथिने तरंगत असतात हे चित्र १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी मांडले. मेदथराची जाडी साधारण ४ ते ५ नॅनोमीटर असते आणि त्यातील मधला, पूर्णपणे जलविरोधी भाग सुमारे ३ नॅनोमीटरचा असतो. राळेच्या संदर्भात लक्ष द्यायचे ते मुख्यतः हा जलविरोधी भाग आणि त्याच्या बाहेरचा जलस्नेही भाग यांच्या सीमेकडे. फॉस्फोलिपिडांची, म्हणजे पटलातील मुख्य मेदरेणूंची, ध्रुवीय (जलस्नेही) शीर्षे जिथे संपतात आणि मेदाम्लांच्या शेपट्या जिथे सुरू होतात, त्या अरुंद पट्ट्यात पाणी थोडेसे पोहोचते आणि हायड्रोजन बंधही होऊ शकतात.

राळेचा रेणू पटलात शिरतो म्हणजे तो कुठे जाऊन बसतो?

हे त्याच्या रचनेवर ठरते आणि पुढचे बरेचसे परिणाम या जागेवरून समजतात. पायनीन किंवा लिमोनीन यांच्यासारख्या निव्वळ हायड्रोकार्बनांना पाण्याशी बांधून ठेवणारा एकही गट नसतो, त्यामुळे ते शेपट्यांच्या मधल्या भागात, कधी दोन थरांच्या मध्यरेषेजवळही, वावरतात. राळाम्लांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात तीन जोडलेल्या वलयांचा ताठ, जलविरोधी सांगाडा असतो आणि त्याच्या एका टोकाला कार्बोक्सिल गट असतो. हा गट सीमेवरच्या पाण्याकडे तोंड करून राहतो व सांगाडा शेपट्यांच्या वरच्या भागात घुसतो. न्यूझीलंडमधील टोटारा वृक्षापासून मिळणाऱ्या टोटारॉल या डायटर्पिनात कार्बोक्सिलऐवजी फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट असतो, पण बसण्याची तऱ्हा बरीचशी तशीच असते.

शेपट्यांचा वरचा भाग मुळातच अधिक शिस्तबद्ध असतो आणि खोल भाग मोकळा असतो. तिथे ताठ वलये घुसली की वरच्या भागात शेजारच्या शेपट्यांमधील अंतर वाढते आणि वलये जिथे संपतात त्याखाली रिकामी जागा उरते. ती भरून काढण्यासाठी शेपट्या वाकतात. म्हणजे एकच रेणू वरच्या भागात हालचाल आवळू शकतो आणि खालच्या भागात ती मोकळी करू शकतो. ‘या संयुगाने पटलाची तरलता वाढली’ एवढेच वाक्य वाचायला मिळाले तर ती तरलता कोणत्या खोलीवर मोजली हा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि माझ्या मते असे निम्मे वाक्य न लिहिलेले बरे.

कोलेस्टेरॉलसुद्धा ताठ वलयांचेच असते. मग राळेचे रेणू त्याच्यासारखे का वागत नाहीत?

दोघांचे जैवरासायनिक मूळ एकच आहे. कोलेस्टेरॉल, वनस्पतींतील सिटोस्टेरॉल आणि राळेतील ट्रायटर्पिने ही तिन्ही आयसोप्रीन एककांपासून, स्क्वॅलीनमार्गे तयार होतात. मात्र कोलेस्टेरॉलचा एक पृष्ठभाग जवळपास सपाट असतो, त्याच्या शीर्षस्थानी छोटा हायड्रॉक्सिल गट असतो आणि दुसऱ्या टोकाला लवचीक शेपटी असते. त्यामुळे संतृप्त मेदाम्लांच्या सरळ शेपट्या त्याला घट्ट चिकटून बसतात. ॲबिएटिक आम्लाचा सांगाडा आखूड आहे, त्याच्यावर मिथाइल गट बाहेर आलेले आहेत आणि शेपटी नाही. तो मेदांच्या रांगेत बसतो, पण रांग जुळवत नाही.

घट्ट अवस्थेतील आणि तरल अवस्थेतील पटलांवर परिणाम सारखाच होतो का?

नाही. डायपाल्मिटॉइलफॉस्फॅटिडिलकोलीन या प्रयोगशाळेतील लाडक्या मेदाच्या थराचे तापमान वाढवत नेले तर सुमारे ३५ अंश सेल्सियसला एक छोटे पूर्वसंक्रमण होऊन थराला लहरी पडतात आणि सुमारे ४१ अंशांना मुख्य संक्रमण होऊन घट्ट थर तरल बनतो. ॲबिएटिक आम्ल, टोटारॉल यांसारखी डायटर्पिने थोड्या प्रमाणात मिसळली तरी पूर्वसंक्रमण नाहीसे होते. प्रमाण वाढवले की मुख्य संक्रमण खालच्या तापमानाकडे सरकते आणि त्याचा टोकदार शिखरासारखा आलेख पसरट होतो. पसरट होणे याचा अर्थ असा की शेकडो मेदरेणू एकदम वितळण्याऐवजी लहान लहान गटांनी, मागेपुढे वितळू लागतात.

आधीच तरल असलेल्या थरात चित्र उलटू शकते. तिथे शेपट्या मुळातच विस्कळीत असल्यामुळे ताठ रेणू त्यांच्या हालचालीला आडवा येतो आणि सरासरी शिस्त थोडी वाढलेली दिसते. सजीव पेशींची पटले बहुतांशी तरल असतात, तेव्हा घट्ट थरावर मिळालेला निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

पटलाच्या वक्रतेवर राळ काय परिणाम करते?

मेदरेणूचे शीर्ष आणि शेपट्या सारख्याच रुंदीचे असतील तर तो सपाट थरात सुखाने राहतो. फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन या मेदाचे शीर्ष लहान असते, म्हणून तापमान वाढले की या मेदाचा सपाट थर मोडतो आणि पाण्याच्या बारीक नलिकांभोवती मेद गुंडाळले जाऊन षट्कोनी मांडणी तयार होते. शेपट्यांच्या भागात जागा व्यापणारी, पण शीर्षाच्या भागात फारशी भर न घालणारी डायटर्पिने या बदलाला मदत करतात आणि तो आणखी कमी तापमानाला घडवून आणतात. अनेक जिवाणूंच्या पटलात फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन विपुल असते. सजीव जिवाणूत सरसकट षट्कोनी नलिका तयार होतात असे मात्र यावरून समजू नये. तिथे बदल होतो तो थरातील ताणात, आणि ज्या प्रथिनांचे काम या ताणावर अवलंबून असते त्यांना तो जाणवतो.

राळेमुळे पटलाला भोके पडतात का?

निश्चित आकाराची, काठ असलेली छिद्रे काही प्रतिजैविक पेप्टाइडे पाडतात. राळेतील लहान रेणू साधारणपणे तसे करत नाहीत. त्यांच्यामुळे थराची बांधणी सैल होते आणि प्रोटॉन, पोटॅशियम यांसारखे आयन एरवीपेक्षा जास्त वेगाने झिरपू लागतात. जिवाणूच्या दृष्टीने एवढेही पुष्कळ असते, कारण त्याची ऊर्जानिर्मिती पटलापलीकडच्या प्रोटॉनांच्या उतारावर चालते आणि हा उतार सपाट झाला की पेशी अखंड दिसत असतानाच तिचे काम थांबते. वलयी टर्पिने आणि इतर वलयी हायड्रोकार्बनांवर १९९० च्या दशकात झालेल्या कामातून हेच पुढे आले: ती पटलात साचतात, पटल फुगते आणि प्रोटॉनांची प्रेरणा ओसरते.

किती मात्रा लागते? शोधनिबंधांतील मायक्रोमोलर आकडे कसे वाचावेत?

या पानावरील एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचावे. पाण्यातील संहती (मायक्रोमोलर हे तिचेच माप) हा पटलावरील परिणामाचा खरा मापक नाही. खरा मापक आहे पटलातील प्रमाण, म्हणजे किती मेदरेणूंमागे राळेचा एक रेणू आहे.

उदाहरणादाखल असे संयुग घेऊ की जे पाण्यापेक्षा मेदात दहा हजार पट अधिक प्रमाणात जाते. पाण्यात ते १० मायक्रोमोलर मोकळे असेल तर मेदात त्याची संहती १०० मिलिमोलर होईल. फॉस्फोलिपिडाचे रेणुवस्तुमान साधारण ७६० आणि घनता पाण्याच्या आसपास धरली तर मेदथरात मेदाचीच संहती सुमारे १.३ मोलर भरते. म्हणजे दर तेरा मेदरेणूंमागे राळेचा एक रेणू. पाण्यात नगण्य वाटणारी मात्रा पटलात सात ते आठ टक्के भरली, आणि या पातळीवर पटलाची रचना बदलली नाही तरच नवल.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. वरील आकडा मोकळ्या संहतीवर काढला आहे. नळीत पेशींची संख्या दहापट केली की मेदही दहापट होतो, तेवढाच राळेचा साठा अधिक पटलांत वाटला जातो आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला कमी येते. एकाच संयुगाच्या परिणामकारक मात्रेत दोन प्रयोगशाळांमध्ये मोठी तफावत दिसते तेव्हा पेशींची दाटी हे एक साधे, पण दुर्लक्षित कारण असू शकते. माध्यमात रक्तद्रव असेल तर अल्ब्युमिन हे प्रथिन जलविरोधी आम्लांना स्वतःला चिकटवून घेते आणि मोकळी संहती आणखी घटते. शिवाय ही संयुगे पाण्यात फारच कमी विरघळतात. घातलेली मात्रा विद्राव्यतेच्या पलीकडे गेली तर सूक्ष्म थेंब किंवा गोळे तयार होतात, आणि मग जे मोजले जाते ते पटलात विरघळलेल्या रेणूंचे वर्तन असतेच असे नाही.

सामू बदलल्यास राळाम्लांचे वर्तन का बदलते?

राळाम्ले दुर्बल आम्ले आहेत. सामू कमी असताना कार्बोक्सिल गटावर प्रोटॉन टिकून राहतो, रेणू विद्युतभाररहित असतो आणि तो पटलात सहज शिरून एका थरातून दुसऱ्या थरात उलटू शकतो. सामू वाढला की रेणू ऋणभारित होतो, पाण्यात अधिक विरघळतो आणि पटलात शिरलाच तर बाहेरच्या थरात अडकून राहतो. पटलाच्या सीमेवर, ऋणभारित शेजाऱ्यांच्या सान्निध्यात, प्रोटॉन सोडणे अवघड जाते. त्यामुळे पाण्यात ज्या सामूला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात त्यापेक्षा जास्त सामूलाही तिथे भाररहित रेणू सापडतात.

लाकडाच्या लगद्याच्या कारखान्यांतील सांडपाण्यात राळाम्ले असतात आणि ती माशांना घातक ठरतात. पाण्याचा सामू कमी असेल तर ही विषाक्तता वाढते. डीहायड्रोॲबिएटिक आम्लाच्या संपर्कात आलेल्या ट्राउट माशांत लाल रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याचेही नोंदलेले आहे.

लाल रक्तपेशींचा आकार का बदलतो?

शीट्झ आणि सिंगर यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार पटलाचे दोन थर स्वतंत्रपणे प्रसरण पावू शकतात. ऋणभारित जलविरोधी रेणू बाहेरच्या थरात साचले की तो थर आतल्यापेक्षा मोठा होतो आणि पेशीवर काटे उमटतात. धनभारित रेणू आतल्या थरात साचले की पेशी वाटीसारखी खोलगट होते. भारित राळाम्लांकडून पहिल्या प्रकारचा परिणाम अपेक्षित असतो.

काही जिवाणू राळेला बळी पडतात आणि काही पडत नाहीत. असे का?

ग्राम-धन जिवाणूंची पेशीभित्तिका जाड असली तरी सच्छिद्र असते आणि राळेचे रेणू तिच्यातून पटलापर्यंत पोहोचतात. ग्राम-ऋण जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते. त्याच्या बाहेरच्या थरातील लिपोपॉलिसॅकराइडे (मेद आणि बहुशर्करा जोडलेले मोठे रेणू) कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांनी एकमेकांना बांधलेली असतात आणि त्यामुळे जलविरोधी रेणूंची वाट अडते. हे आयन काढून घेणारा पदार्थ सोबत दिला की तेच जिवाणू जलविरोधी संयुगांना बळी पडू लागतात, म्हणजे त्यांचा प्रतिकार आतल्या पटलाचा नसून दाराचा असतो.

प्रतिकाराचे इतर मार्गही आहेत. स्युडोमोनास प्युटिडा हा जिवाणू विद्रावकांच्या संपर्कात आला की आपल्या मेदाम्लांतील वाकड्या सिस दुहेरी बंधांचे सरळ ट्रान्स बंधांत रूपांतर करतो. नवे मेद तयार करण्याची वाट न पाहता, आहे त्याच पटलाची बांधणी त्यामुळे लगेच घट्ट होते. एश्चेरिशिया कोलायसारखे जिवाणू आत शिरलेले रेणू पंपांनी बाहेर फेकतात. स्प्रूस वृक्षाच्या राळेत ठेवलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणूंत पेशीभित्तिका जाड झालेली आणि पेशींचे पुंजके झालेले आढळले आहेत; यात हल्ल्याचा परिणाम किती आणि पेशीने दिलेला प्रतिसाद किती हे वेगळे काढणे सोपे नाही.

सगळे परिणाम पटलामुळेच होतात असे म्हणता येईल का?

असे म्हणण्याचा मोह पूर्वीही झालेला आहे. गांजाच्या राळेतील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे संयुग १९६४ मध्ये शुद्ध रूपात वेगळे केले गेले. ते अत्यंत जलविरोधी असल्यामुळे त्याचा प्रभाव पटलाची शिस्त बिघडवण्यातून होतो, असे अनेक वर्षे मानले जात होते. १९८८ मध्ये त्याला बांधणारा विशिष्ट ग्राहक मेंदूत आढळला, १९९० मध्ये त्या ग्राहकाच्या जनुकाचे क्लोनिंग झाले आणि ती उपपत्ती मागे पडली. युफोर्बिया रेझिनिफेरा या वनस्पतीच्या चिकातील रेझिनिफेराटॉक्सिन हे दुसरे उदाहरण आहे. ते नॅनोमोलर मात्रेत वेदनेच्या चेतापेशींवर काम करते. वरचा हिशेब इथे लावून पाहावा: एक नॅनोमोलर संयुग मेदात लाख पट एकवटले तरी तेरा हजार मेदरेणूंमागे एकच रेणू येतो, आणि एवढ्याने पटलाची रचना बदलत नाही. त्याचे लक्ष्य म्हणजे टीआरपीव्ही-१ ही आयनवाहिनी (पटलातून आयनांना वाट देणारे प्रथिन), जिचे क्लोनिंग १९९७ मध्ये झाले.

याच्या उलट चूकही होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्क्युमिन, कॅप्सेसिन, रेस्व्हेराट्रॉल यांसारखी वनस्पतिजन्य संयुगे मेदथराचे गुणधर्म बदलतात आणि त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक पटल-प्रथिनांचे काम एकाच वेळी बदलते, असे दाखवले गेले. एखादे संयुग दहा वेगवेगळ्या प्रथिनांवर जवळजवळ सारख्याच मात्रेत परिणाम करत असेल तर प्रत्येक प्रथिनावर त्याची स्वतंत्र खाच, म्हणजे नेमकी बसण्याची जागा, शोधण्याआधी पटलाकडे पाहावे.

राळाम्ले या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात, आणि म्हणूनच ती मला अधिक रंजक वाटतात. पोटॅशियमच्या काही वाहिन्यांत विद्युतदाब ओळखणारा धनभारित भाग मेदथराला लागून असतो. ऋणभारित राळाम्ल मेद आणि प्रथिन यांच्या सांध्यात बसते, त्या धनभाराला आपल्याकडे ओढते आणि वाहिनी उघडायला मदत करते. हा परिणाम पटलात शिरल्याशिवाय होत नाही, आणि प्रथिन नसेल तर त्याला अर्थही उरत नाही.

पटल की प्रथिन, हे प्रयोगाने कसे ठरवतात?

रेणूचे आरशातील प्रतिरूप वापरून पाहणे ही एक उपयुक्त चाचणी आहे. मेदथर दोन्ही रूपांना जवळपास सारखाच प्रतिसाद देतो, प्रथिनाची खाच सहसा देत नाही. प्रथिनविरहित मेदगोलक, म्हणजे लायपोसोम, वापरून आत भरलेला प्रतिदीप्त रंग बाहेर झिरपतो का हे पाहता येते. संक्रमणासाठी औष्णिक मापन, मेदांच्या मांडणीसाठी क्ष-किरण विकिरण व फॉस्फरसचे चुंबकीय अनुस्पंदन, आणि रेणूच्या खोलीसाठी संगणकीय रेणुगतिकी वापरतात. प्रत्येक पद्धतीचा कालमापक वेगळा असतो, त्यामुळे दोन पद्धतींची उत्तरे वेगळी आली तर त्यांपैकी एक चुकीचेच असेल असे नाही.

झाडाच्या स्वतःच्या पेशींना राळ अपाय का करत नाही?

झाड तिला पेशीत साठवतच नाही. शंकुधारी वृक्षांत पेशी एकमेकींपासून विलग होऊन राळनलिका तयार होतात आणि त्यांना अस्तर असलेल्या पेशी राळ तयार करून पोकळीत सोडतात. निर्मितीचीही विभागणी असते: मोनोटर्पिने आणि डायटर्पिनांचे सांगाडे लवकांत घडतात, तर ॲबिएटाडाइनसारख्या हायड्रोकार्बनावर ऑक्सिजन चढवून त्याचे आम्ल करण्याचे काम आंतर्द्रव्यजालिकेवरील विकरे करतात. नंतर वाहतूक प्रथिने माल बाहेर काढतात. तंबाखूच्या एका रानटी नातेवाईकात स्क्लॅरिऑल हे डायटर्पीन बाहेर टाकणारा असा पंप २००१ मध्ये ओळखला गेला.

ही व्यवस्था बिघडली तर झाड स्वतःच्याच विषाने आजारी पडते. तंबाखूच्याच कुळातील एका जंगली वनस्पतीत डायटर्पिनांवर हायड्रॉक्सिल गट चढवणारी दोन विकरे बंद केल्यावर तिच्या पेशी मरू लागल्या, आणि त्यामागे पटलातील स्फिंगोलिपिडांच्या निर्मितीत आलेला अडथळा असल्याचे २०२१ मध्ये दाखवले गेले. ही डायटर्पिने राळेतील नव्हेत, पण डायटर्पीन पटलात न शिरताही, मेदाच्या कारखान्यावर हात टाकून, पटल बिघडवू शकते हे त्यातून कळते.

राळ त्वचेवर लावल्यास काय होते?

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मृत पेशींच्या मधल्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे घट्ट थर असतात. लिमोनीन, सिनिओल यांसारखी टर्पिने या थरांची बांधणी सैल करतात आणि त्यामुळे इतर औषधे त्वचेतून अधिक सहज आत जातात. औषधनिर्माणशास्त्रात त्यांचा असा उपयोग केला जातो. धोका वेगळ्या बाजूने येतो. हवेत राहिलेल्या राळेत ॲबिएटिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात. राळेच्या संपर्काने होणाऱ्या ॲलर्जीत शुद्ध ॲबिएटिक आम्लाचा वाटा किरकोळ असतो आणि ही ऑक्सिडीकृत संयुगेच प्रमुख कारण ठरतात, कारण ती त्वचेतील प्रथिनांशी कायमचा बंध जोडतात. म्हणून पटलावरील प्रयोगासाठी जुन्या बाटलीतील राळाम्ल वापरायचे असेल तर आधी त्याची शुद्धता तपासावी, अन्यथा मोजला जाणारा परिणाम ॲबिएटिक आम्लाचा आहे की त्याच्या ऑक्सिडीकृत रूपांचा हे सांगता येणार नाही.